हिरवं दाबलं की लाल

"बाई, तुमच्या पॅनलने माझं वाटोळं केलं," पास्कूकाका म्हणाले आणि त्यांनी बर्फाच्या डब्यात हात घालून दाखवला. मशीन सुरू करून तीन दिवस झाले होते, तरी डब्यात पाणीच होतं. तेही कोमट.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी वसईत कंट्रोल पॅनलची ड्रॉइंग करायची. पॅनल म्हणजे मशीन चालू-बंद करायचं लोखंडी कपाट. त्यावर बटणं आणि दिवे. कुठला रंग कुठे, हे मी ठरवायची. पापडी गावच्या पास्कूकाकांनी केळीची अर्धी वाडी तोडून बर्फाचा कारखाना काढला होता. शनिवारी पाचूबंदरच्या मासेमारीच्या होड्यांना बर्फ पोचवायचा होता. बर्फ नसेल तर त्या दुसरीकडे जाणार आणि परत येणार नाहीत. आज बुधवार. बर्फ धरायला दोन दिवस लागतात.

"मशीन चालतंय ना?" मी विचारलं.

"मस्त चालतंय. बिलकुल आवाज नाही."

मला तिथेच शंका आली. बर्फाच्या कॉम्प्रेसरचा आवाज दोन वाड्या पलीकडे जातो.

ऑपरेटर होते हरीनाना. रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, समोर रजिस्टर. "नाना, जरा चालू करून दाखवा."

नानांनी हिरवं बटण दाबलं. कॉम्प्रेसर धडधडला. वर लाल दिवा लागला. नानांनी ताबडतोब लाल बटण दाबलं. सगळं शांत झालं आणि हिरवा दिवा लागला. नाना समाधानाने स्टुलावर बसले.

"बंद का केलंत?"

"लाल लागला, बाय. लालवर गाडी सोडायची नाय."

"आणि हिरवा लागला की?"

"हिरवं बटन दाबतो."

"मग?"

"मग परत लाल येतो. कोन काय करनार? लाइन क्लियर नसंल."

रजिस्टरमध्ये तीन दिवस, दर अर्ध्या तासाला, सुंदर अक्षरात लिहिलं होतं: लाल आला. थांबवले. हिरवा. ठीक. रात्रपाळीला नानांचे मेव्हणे होते. त्यांना नानांनीच शिकवलं होतं.

चूक नानांची नव्हती. आमच्या धंद्यात लाल दिवा म्हणजे करंट चालू, हात लावू नका. हिरवा म्हणजे बंद, आता सुरक्षित. बटणांचं मात्र उलट: हिरवं चालू करायचं, लाल बंद करायचं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि त्यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. फार लाज वाटली.

मी नानांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, हिरवं दाबलं आणि लाल दिसताच हात आपोआप बंदच्या बटणावर गेला. "हाताला समजत नाय, बाय," ते कसनुसे होऊन म्हणाले.

मग मी दिव्यांच्या काचा अदलाबदल केल्या. आता चालू म्हणजे हिरवा. नाना खूश. मशीन धडधडू लागलं. दहा मिनिटांनी वायरमन अंतोन आला, हिरवा दिवा बघून "बंद आहे" म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन पॅनलचं दार उघडू लागला. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की काकांच्या हातातला चहा सांडला.

काचा पुन्हा होत्या तशा केल्या. लाल दिसताच नानांनी मशीन बंद केलं. मी आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"स्टँडर्ड बदलायचं नाही," साहेब म्हणाले. "ऑपरेटर बदला."

साहेबांचा आवाज मोठा, नानांनी ते ऐकलं. रजिस्टर मिटून ते चपला शोधू लागले.

"थांब रे हरी," काका म्हणाले. "बाई, लाल नको, हिरवा नको. ईस्टरच्या आधी आमच्या उपवासकाळात फादर जांभळा झगा घालतात. लग्न नाही, बँड नाही, सगळं बंद. सणाला पांढरा. पांढरा म्हणजे चालू!"

"नाना, जांभळा सिग्नल कधी पाहिलात?"

नानांनी खूप विचार केला. "नाय."

"अंतोन, तू?"

"चर्चमध्ये. पॅनलवर नाही. असा दिवा दिसला तर मी आधी विचारीन."

मला तेवढंच हवं होतं. माझ्या बॅगेत दोन पांढऱ्या काचा होत्या. चर्चच्या खिडक्यांसाठी आणलेला जांभळा रंग काका घेऊन आले आणि त्यातली एक काच आम्ही 'बंद'साठी जांभळी रंगवली. संध्याकाळी पांढरा दिवा लागला आणि नाना हात मागे बांधून त्याच्याकडे बघत उभे राहिले. बटणाला हात लावला नाही.

साहेबांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "जांभळा स्टँडर्डमध्ये नाही."

"म्हणूनच त्याचा कुणी वेगळा अर्थ लावत नाही, साहेब."

शनिवारी सकाळी बर्फाच्या लाद्या पाचूबंदरला गेल्या. एकही होडी बर्फाविना राहिली नाही. पुढे मी पुष्कळ पॅनल काढली, पण व्होल्टेज विचारायच्या आधी ऑपरेटरला भेटायची आणि विचारायची, "काका, यापूर्वी नोकरी कुठे केलीत?"