पाठ केलेला तक्ता

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता दिसला की एक जुनी घटना मला आजही आठवते, आणि हसू येतं. पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढली. आठवून हसू यावं अशी प्रकरणं फार वाट्याला आली नाहीत. लोकांना खुनाच्या आणि दरोड्याच्या हकिगती हव्या असतात. ज्यात शेवटी काहीच घडलं नाही अशी हकिगत मी सुरू केली, की आमच्या सौभाग्यवतींना नेमकी गॅसवरची भाजी आठवते. तरी आज तीच सांगणार आहे, कारण काहीच घडलं नाही हेच त्या तपासाचं यश होतं.

मी तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात प्रभारी अधिकारी होतो. गुरुवार होता. सकाळची हजेरी आटोपली होती आणि ठाणे अंमलदार चहा सांगायला बाहेर गेला होता. टेबलावरचा फोन वाजला म्हणून मीच उचलला. पलीकडे एक बाई होती. बोली अहिराणी, आवाज दबका, पण घाई नव्हती.

"सायेब, शनवारले शाळानी सहल जाई ऱ्हायनी. गाडी चालाडनारले दूरनं दिखस नही. गाडीमा बठ्ठा लेकरं शेतस. तेस्ले गाडीवर बसू देऊ नका."

मी नाव विचारलं. "नावनं काय करतस?" एवढं म्हणून तिने फोन ठेवला. अंमलदार परत आल्यावर मी ठाणे दैनंदिनीत नोंद करायला लावली : सहलीच्या गाडीच्या चालकाला लांबचे दिसत नाही, अशी खबर. महिला, नाव सांगितले नाही.

आमचे जुने हवालदार गावातल्या प्रत्येक ओट्यावर बसलेले. त्यांनी अर्ध्या तासात बातमी आणली. एका शाळेची सहल शनिवारी वेरूळला निघणार होती. गाडी शाळेचीच, पन्नासेक मुलं, रस्ता चाळीसगावच्या पुढच्या घाटातून. चालकाला सारं गाव नाना म्हणायचं. वय पंचावन्नच्या आसपास, अठ्ठावीस वर्षं गाडी चालवतात.

"साहेब, नानांच्या चाकाखाली आजवर कोंबडीसुद्धा आली नाही," हवालदार म्हणाले. "कोणीतरी जळतंय त्यांच्यावर."

मलाही आधी तसंच वाटलं. निनावी फोन दहा आले तर त्यातले सहा-सात भाऊबंदकीचे असतात, हा माझा अनुभव. शाळेत जाऊन कागदपत्रं पाहिली. नानांच्या परवान्याचं नूतनीकरण दोन महिन्यांपूर्वीच झालेलं. अवजड वाहन चालवणाऱ्याला ठरावीक मुदतीने डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, तेही जोडलेलं. दृष्टी उत्तम, असं त्यावर शिक्क्यासह लिहिलेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, मी कोणत्या कारणाने त्यांना बाजूला करू?"

खरी अडचण हीच होती. कायद्याने माणूस ठणठणीत होता. निनावी फोनच्या भरवशावर त्याला गाडीवरून उतरवलं आणि फोन खोटा निघाला, तर अठ्ठावीस वर्षांच्या नावाला बट्टा लागणार. चालकावर एकदा 'पोलिसांनी उतरवला' असा शिक्का बसला की त्याला दुसरं कोणी गाडीवर घेत नाही. उलट फोन खरा असला आणि मी कागदाकडे पाहून गप्प बसलो, तर घाटात पन्नास मुलं होती. हातात होते दोन दिवस.

नानांना त्याच दुपारी ठाण्यात बोलावलं. चष्म्याच्या दुकानातून अक्षरांचा तक्ता मागून आणला होता. तो भिंतीला लावला आणि नानांना दालनाच्या दुसऱ्या टोकाला, शस्त्रांच्या कपाटापाशी, उभं केलं. माणूस साधा, पांढरा सदरा, गळ्यात गमछा. न रागावता एका डोळ्यावर तळहात ठेवून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "ट, ग, म. न, र, प, ल..." वरच्या ओळीपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत एकही चूक नाही. शेवटची ओळ नवा चष्मा लावलेल्या आमच्या हवालदारांना निम्म्या अंतरावरून दिसत नव्हती.

मी शरमलो. चहा पाजला आणि हात जोडले. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायेब, तुमनं कामच शे ते." आणि निघाले. दारात ऊन होतं. त्या उन्हात पोचल्यावर ते थांबले आणि पायाने पायरी चाचपली. मुंगीएवढी अक्षरं वीस फुटांवरून वाचणारा माणूस हातभर पायरी पायाने शोधत होता. मी हवालदारांकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं.

तपासात माणूस काय बोलतो त्यापेक्षा तो कसा बोलतो याकडे लक्ष द्यावं, असं मला एका जुन्या फौजदारांनी शिकवलं होतं. ते शिकवलेलं शुक्रवारी सकाळी कामी आलं. त्याच डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेतलेले आणखी दोन चालक आम्ही बोलावले, एक टेम्पोवाला आणि एक मालट्रकवाला. दोघांनीही तक्ता घडाघडा वाचला. तिसऱ्या ओळीनंतर दोघेही थांबले, श्वास घेतला आणि वरच्या पट्टीत पुढे निघाले. आदल्या दिवशी नानाही तिथेच थांबले होते. ज्याला दिसतं तो डोळे बारीक करतो, अडखळतो, 'हा घ का ध' असं विचारतो. यांच्यापैकी एकानेही डोळा बारीक केला नव्हता.

कोपऱ्यात बसलेले हवालदार पुटपुटले, "साहेब, हे वाचत नाहीत. हे पाढे म्हणतात."

शुक्रवारी दुपारी नानांना पुन्हा बोलावलं. तक्ता भिंतीवर होताच, तो त्यांना जवळून दाखवला. मग ते पाठमोरे होऊन कपाटाकडे चालू लागले, तेवढ्यात हवालदारांनी अलगद तक्ता काढला आणि खिळ्याला ठाण्याचं कॅलेंडर अडकवलं. पांढरं, मोठ्या आकड्यांचं, वर बियाण्याच्या दुकानाची जाहिरात असलेलं. नाना वळले. डोळ्यावर तळहात ठेवला आणि म्हणू लागले :

"ट, ग, म. न, र, प, ल..."

दालनात कोणी हसलं नाही. आमच्या एका महिला शिपायाने तोंडाला रुमाल लावला. मी त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत म्हणू दिलं. मग म्हणालो, "नाना, आता इकडे या. अगदी जवळ येऊन बघा."

ते आले. हातभर अंतरावर आल्यावर त्यांना कॅलेंडर दिसलं. त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला आणि तिथेच फरशीवर बसले. मी पाणी दिलं. आवाज चढवायची गरज नव्हती. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात शांत चौकशी असेल.

"कधीपासून, नाना?"

"दोन साल व्हयनात, सायेब. पहिले धुकं वाटे."

"मग रोज मुलांना शाळेत कसं नेता?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाले, "शाळाना रस्ता बी माले असाच पाठ शे. कोठे खड्डा, कोठे निंबनं झाड, कोठे वळन, बठ्ठं पाठ शे."

"आणि घाट?"

"घाट पाठ नही शे, सायेब," असं म्हणून त्यांनी गमछा डोळ्यांना लावला.

उद्या सकाळी सहा वाजता हा माणूस पन्नास मुलांना घेऊन निघणार होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन दोन मिनिटं उभा राहिलो. मग आत येऊन मुख्याध्यापकांना फोन लावला आणि दुसरा चालक बघायला सांगितलं.

पुढचं काम सोपं होतं. नानांनी जबाबात सारं सांगितलं. फॉर्म भरून देणारा एक टपरीवाला होता. फॉर्मसोबत तो एक चिठ्ठी द्यायचा आणि सांगायचा, "हाई पाठ करी या." तक्त्यातली अक्षरं ओळीने लिहिलेली. गावात डॉक्टर असो की चष्म्याचं दुकान, सगळीकडे एकाच छापाचा तक्ता होता, त्यामुळे ती चिठ्ठी कुठेही चालायची. पंचांसमक्ष टपरीची झडती घेतली, चिठ्ठ्यांचा गठ्ठा जप्त केला, पंचनामा झाला आणि टपरीवाल्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. ज्यांनी ज्यांनी त्या चिठ्ठ्या नेल्या होत्या त्यांची परिवहन कार्यालयाने पुन्हा तपासणी घेतली. डॉक्टर वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी पाप एवढंच केलं होतं की वीस वर्षांत तक्ता बदलला नव्हता. ते स्वतःच नवे तीन तक्ते घेऊन मला दाखवायला आले. नानांनी परवाना आपण होऊन जमा केला होता, म्हणून त्यांना मी साक्षीदार केलं.

सहलीसाठी पाचोऱ्याहून दुसरा चालक आला. शनिवारी पहाटे मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो, कारण नसताना. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हाही होतो. मुलं घसे बसेपर्यंत गाणी म्हणत होती, एकीने खिडकीतून मला टाटा केला. ठाण्यात येऊन मी अंमलदाराला नोंद सांगितली : सहल सुखरूप परत. तो म्हणाला, "साहेब, ही नोंद कोणत्या सदरात घेऊ?" मी म्हटलं, "कोणत्याही घे, पण घे."

रविवारी नानांच्या घरी गेलो. त्यांच्या मंडळींना शेजारीपाजारी अक्का म्हणत. नाना आत सदरा बदलत होते. अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "लेकरं बठ्ठा नीट घर उनात ना, सायेब?"

आवाज ऐकला आणि मी तांब्या हातात धरून तसाच थांबलो. त्यांनीही ओळखलं की मी ओळखलं. दाराकडे एकदा पाहून त्या हळूच म्हणाल्या, "मीच पाठ करी लिधं तेस्कडथून. मी सातवी शिकेल शे. भाकरी थापता थापता म्हनाडी लिधं. मंग सहलनं आयकं, आनि जीव उडी गया."

शाळेचा रस्ता पाठ आहे म्हणून ही बाई दोन महिने मनाची समजूत घालत होती. घाटाचं नाव ऐकलं तेव्हा समजूत संपली. फोन करताना आपल्या चुलीवर आपणच पाणी ओततोय हे तिला चांगलं माहीत होतं. नाना बाहेर आले आणि त्यांनी विचारलंच, "सायेब, फोन कोनी करा?" मी म्हटलं, "गोपनीय आहे." ते म्हणाले, "जेनी कोनी करा, तेनं भलं व्हवो." अक्का चहा टाकायला आत गेल्या.

धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नानांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. साधा पिकलेला मोतीबिंदू. दोन वर्षं ज्याच्या भीतीने एका माणसाने झोप घालवली, ते काम दोन फेऱ्यांत उरकलं. मुख्याध्यापकांनी तोवर त्यांना शाळेतच बागेच्या कामावर पगारासह ठेवलं. त्यांचे उपकार मी मानतो, कारण सगळ्या मालकांना ते सुचत नाही. आपल्याकडे परवान्याचा नियम चांगला आहे. पण 'मला दिसत नाही' असं जो चालक खरं सांगेल त्याच्या घरात उद्या काय शिजेल, हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मग माणसं अक्षरं पाठ करतात.

नवं प्रमाणपत्र घेऊन नाना ठाण्यात आले, ते थेट माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मला म्हणाले, "सायेब, तुमनी मिशीमा पांढरा केस शेतस हाई माले म्हाईतच नव्हतं." सगळं ठाणं हसलं. माझ्या मिशीची एवढी थट्टा मी दुसऱ्या कोणाला करू दिली नसती.

हे लिहिण्याआधी मी अक्कांना फोन करून परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "लिखा. मीच पहिलेच सांगी टाकं तेस्ले." मी विचारलं, नाना काय म्हणाले? "दोन दिन बोलनात नहीत. तिसरा दिन चष्मा पुसाले मनाकडे दिना."

आता मी निवृत्त होऊन जळगावात राहतो, सकाळी मेहरूणच्या तलावाला फेरी मारतो. मागच्या हिवाळ्यात माझ्याच परवान्याचं नूतनीकरण होतं. सौभाग्यवतींना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. आत शिरताना पाहिलं, भिंतीवर त्याच जुन्या छापाचा तक्ता होता. डॉक्टरांनी डोळ्यावर झाकण ठेवायला सांगितलं आणि मी ऐटीत सुरू केलं, "ट, ग, म. न, र, प, ल..." तिसऱ्या ओळीनंतर थांबलो, श्वास घेतला, आणि चौथीची दोन अक्षरं म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की समोर मला पांढऱ्या कागदावर राखाडी पुसट डागांखेरीज काहीच दिसत नाहीये.

हात खाली घेतला. म्हणालो, "डॉक्टर, दुसरा तक्ता लावा. हा मला पाठ आहे."

डॉक्टर उठून तक्ता शोधू लागले. मागे खुर्चीवर बसलेल्या सौभाग्यवतींनी केवढा तरी सुस्कारा सोडला. अक्कांच्या फोनबद्दल मी त्यांना कधीच बोललो नव्हतो. त्या म्हणाल्या, "बरं झालं, तुम्हीच बोललात. चार महिने झाले, मी विचार करतेय, हे सांगायचं तरी कोणाला."