मल्हारी मुकादमाचे दोन उंचीचे रूळ

गाडी वळणाआड आहे आणि तुम्ही रुळावर वाकून बोल्ट आवळताय. ती तुम्हाला किती लांबून दिसेल? सांगा ना! खुर्चीत बसून सांगता येत नाही. सिन्नरकडच्या एका कारखान्याने मात्र सांगून टाकलं, "लांबूनच दिसत होती. जयराम स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला."

हे वाक्य मल्हारी मुकादमाच्या घशाखाली उतरेना. पस्तीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर कामगारांची गँग चालवलेला, आता नाशिकरोडला निवृत्त बसलेला माणूस. जयराम त्याच्याच हाताखाली शिकला, मग ठेकेदाराकडून त्या कारखान्याच्या खासगी रुळांवर कामाला लागला. तिथल्या वळणाला भिंत आडवी येते. अशा जागी शिट्टी मारायला एक माणूस उभा करतात. ठेकेदाराने केला नव्हता. आता तिथे कुणाला पाय ठेवू देत नाहीत. मग चौकशीच्या साहेबाला दाखवायचं कसं?

"वळणच उचलून साहेबाच्या टेबलावर नेतो," मल्हारी म्हणाला.

म्हणजे विजेवर धावणारी खेळण्यातली गाडी. भिंतीला पुठ्ठा, जयरामच्या जागी नारिंगी दोरा गुंडाळलेली काडी. साहेबाने काडीपाशी डोळा न्यायचा आणि इंजिन कधी दिसतं ते बघायचं.

दुकानातले नवे सरळ रूळ झकास होते, पण वळणं बांगडीसारखी आखूड. कारखान्याचं वळण लांबसडक. तसलं सापडलं जुन्या बाजारात, एकाच्या गोणीत. मल्हारीने पट्टी लावून दोन रुळांमधलं अंतर मोजलं. नव्याएवढंच! "गेज जुळला, विषय संपला," म्हणत स्वारी खुशीत घरी आली. जन्मभर गेज मोजला, रुळाची उंची बघायचं काही सुचलं नाही. जोडायला घेतलं तर जुना रूळ जाड, नवा बारीक. सांध्यावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी, आणि तिथे येऊन इंजिन कलंडायचं.

खऱ्या लाइनीवर यालाही इलाज असतो. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने बारीक रूळ धरणारी खास जोडपट्टी मिळते. खेळण्यातली तसली पट्टी दुकानदाराने पाहिलीही नव्हती. मल्हारीने लग्नपत्रिकेच्या चिंध्या करून बारीक रुळाखाली सारल्या, वरून सपाट केलं आणि साधीच पट्टी पकडीने दाबून बसवली.

जयरामची बायको चिमणाबाई शेजारी बसून बघत होती. "भाऊ, ही मधी फट कशाला ठिवली?"

"उन्हाळ्यात रूळ वाढतो, बाई. फट नसली तर लाइन बाक घेती."

"अवो, हातभर रूळ! वाढून वाढून किती वाढंल?"

"आता तू मला लाइन शिकव!"

फट राहिली. घरी गाडी सात वेळा बिनबोभाट धावली.

मग रिक्षा, रस्त्यातले खड्डे. साहेबाच्या टेबलावर मांडलं तेव्हा पत्रिकेचे तुकडे सरकलेले, फट रुंदावलेली. साहेब भला माणूस, खरंच वाकला. इंजिन सांध्यापर्यंत आलं आणि भिंतीच्या अलीकडेच आडवं झालं. पुन्हा लावलं, पुन्हा आडवं.

कारकून हसला. "बाबा, तुमची गाडी तुमच्याच रुळावर टिकंना, आणि दोष कारखान्याला?"

ज्याच्या एका नजरेने इंजिनियर गप्प बसायचे, त्या माणसाच्या बोटांना कागदाची चिंधी सरकवता येईना. कारखान्याचा वकील घड्याळ बघत होता. साहेब म्हणाला, "येत्या मंगळवारी शेवटची संधी. नाहीतर निष्काळजीपणाचा अहवाल आहे तसा कायम."

बाहेर आल्यावर चिमणाबाईने विचारलं, "भाऊ, चुकी आमच्या ह्यांची नव्हती ना?"

"नव्हती."

"मग ते साहेबाला दिसाया पायजे."

घरी येऊन मल्हारीने फट बुजवली. पण साधी पट्टी जाड रुळावर ताणली की बारीक रूळ तिच्यात खुळखुळतो. डिंकाने चिकटवला, तर रुळातून इंजिनाला मिळणारी वीजच पलीकडे जाईना. तीन दिवस झाले, माणूस जेवणाचं ताट समोर ठेवून त्या सांध्याकडे बघत बसतो.

तर बंगल्यात, क्लबात, माळ्यावर अशा गाड्या जपणाऱ्यांनो, सल्ले नकोत, हळहळ तर मुळीच नको. जाड आणि बारीक रूळ जोडणाऱ्या दोन पट्ट्या तुमच्याकडे असतील, तर मंगळवारच्या आत नाशिकरोडला मल्हारी मुकादमाच्या हातात आणून द्या.