डोह कमिटीचे पराक्रम

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार माणसांनी मिळून एखादं चांगलं काम करायचं ठरवावं, आणि चौघांपैकी एकालाही ते काम येत नसावं. किस्से आपोआप साठतात. आमच्या कमिटीचे इतके साठले की मूळ काम काय होतं हेच गाव विसरलं! म्हणून तेवढं आधी सांगतो.

आमचं गाव मोगलाईतलं. सोलापूर-हैदराबाद सडकेवर एक फाटा, तिथून कोसभर आत. नदी इथं काळ्या कातळावरून खाली उडी घेते. खाली मोठा डोह आणि डोहाच्या काठाला पांढरीशुभ्र वाळू. राज्य निजामाचं, वर लढाईचे दिवस, तरी सोलापूरचे वकील, गिरण्यांमधले बाबू बायकापोरांना घेऊन आमच्याकडे हवा खायला यायचे. सर्व्हिस मोटार फाट्यावर थांबायची. तिथून रहमतचाचा त्यांना टांग्यात घालून डोहावर आणायचे. डोहावर माझं चहाचं हॉटेल आणि शेजारी भागाबाईची पिठलं-भाकरी. हॉटेल म्हणजे चार मेढी आणि वर पाचट. पण पाटीवर ‘हॉटेल’ लिहिलं होतं, आणि पाटी मी स्वतः रंगवली होती, त्यामुळे माझा त्यावर विश्वास होता.

भादव्यात पूर आला. माणसं वाचली, देवाची कृपा. पण काठावरची वाळू गेली, माझं हॉटेल गेलं, भागाबाईच्या चुली गेल्या, चाचांच्या टांग्याचं एक चाक गेलं. पूर ओसरला तरी सोलापूरकर काही येईनात. महिनाभरानं मोटारीच्या ड्रायव्हरनं मला फाट्यावर गाठलं.

“नामूशेट, मालक म्हणत्यात, संक्रांतीपत्तुर हितं पयल्यावानी उतारू याय लागलं न्हाय तर मोटार थांबवायची न्हाय.”

मोटार थांबली नाही तर आमचं सगळंच थांबणार होतं. चाचांना घोडा विकून हैदराबादला मुलाकडे जाऊन राहावं लागलं असतं. भागाबाईला म्हाताऱ्या सासूला घरी ठेवून दुसऱ्याच्या रानात जावं लागलं असतं. आणि मला सोलापूरच्या गिरणीत. म्हणून आम्ही कमिटी काढली. शाळेचे मास्तर अध्यक्ष, कारण त्यांना उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येत होतं. मी चिटणीस, कारण किटली माझी होती.

*

पहिलं काम पाटी शोधण्याचं. ‘हॉटेल. येथे उत्तम चहा मिळेल’ ही माझी पाटी पुरात वाहून गेली होती. चाचांना ती तीन कोस खाली एका गावात दिसली. मी तावातावानं तिकडे गेलो.

पाटी एका झाडाला टांगलेली होती. खाली एक माणूस चहा उकळत होता. मी म्हटलं, “ही पाटी माझी आहे.”

तो म्हणाला, “असंल की. आधी बसा तर, चहा घ्या.”

चहा घेतला. मग आणखी एक घेतला. आणि तसाच उठून घरी आलो.

मास्तरांनी विचारलं, “पाटी कुठं आहे?”

मी म्हटलं, “राहू द्या मास्तर, ती आता खरं बोलायला लागली आहे!”

*

सोलापुरात एक अफवा उठली होती. म्हणे पुराबरोबर डोहात मगर आली! आमच्या नदीत गुडघाभर पाण्यात म्हशी लोळतात, तिथं मगर कुठली? पण अफवेला समजावणार कोण?

एक दिवस फाट्यावर चक्क पाच माणसं उतरली. गिरणीतले बाबू होते. चाकाअभावी टांगा बंद, म्हणून त्यांना चालवत आणलं. पण काठावर येऊन पाण्यात पाय घालायला एकजण तयार होईना. कमिटीची जागेवरच बैठक झाली. चिटणिसानं पाण्यात उडी मारून दाखवावी असं ठरलं.

चाचा हळूच म्हणाले, “नामू, तेरेकू पोहना आता ना?”

“हौ चाचा,” मी म्हटलं. लहानपणी विहिरीत पोहलो होतो, भोपळा बांधून. ते मी सांगितलं नाही.

उडी मारली. तळाला गेलो आणि कशात तरी पाय अडकला. काहीतरी कडक, गोल, त्याला दातांसारखं काहीतरी! मी वर आलो तो ओरडतच, “मगर! मगर! पाय धरला!”

पाचही बाबू धोतरं सावरत फाट्याकडे पळाले. एकाचा जोडा मागेच राहिला. तो आम्ही पुढे बरेच दिवस सांभाळून ठेवला होता.

चाचा मात्र पाण्यात उतरले, हात घातला आणि माझ्या पायातली मगर उचलून वर धरली. टांग्याचं चाक! दोन आरे मोडलेले, बाकी शाबूत. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सवारियां गये तो गये, नामू,” ते म्हणाले, “चाक तो मिल्या ना!”

*

मास्तरांचं म्हणणं पडलं की, लोक डोहाला नाही, वाळूला येत होते. वाळूच नाही तर पोरांनी खेळायचं कशात? मग आम्ही वरच्या ओढ्यातून वाळू आणायची ठरवली. चाचांचा घोडा, उसनी गाडी, आम्ही चौघं. दहा दिवस वाहिली. भागाबाईनं तर ती चाळणीनं चाळली. “सायबांच्या पोरास्नी खडा टोचाय नगं,” म्हणाली. काठ पुन्हा पांढरा झाला. मी आयुष्यात इतकं कष्टाचं काम केलं नव्हतं. पाठ धरली म्हणून दोन दिवस घरी झोपून राहिलो.

तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर काठ साफ! एक कणही नाही.

आमच्या पाटलांचं नवं घर चाललं होतं. त्यांच्या गड्यांनी काठावर वाळू बघितली आणि पाटलांना सांगितलं की, नदीनं नवी वाळू टाकली आहे. पाटलांनी नदीला नारळ फोडला आणि गाड्या लावल्या. आता पाटलांना जाऊन कोण सांगणार? कमिटीनं बैठक घेतली आणि न सांगण्याचा ठराव एकमतानं पास केला.

वास्तुशांतीला चौघंही जेवायला गेलो. मास्तरांना राहवलं नाही. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, “वाळू फार चांगली मिळाली हो, पाटील.”

“तर!” पाटील म्हणाले. “आवंदा नदीनं चाळूनच दिली!”

भागाबाईनं खाली मान घालून आणखी एक पोळी मागून घेतली.

*

मधला एक किस्सा लहान आहे, पण माझ्या अकलेचा आहे म्हणून सांगतो.

इंग्रजी हद्दीतून मोगलाईत शिरताना करोडगिरीचा नाका लागतो. जकातीसाठी शिपाई तिथं सगळ्यांच्या पिशव्या तपासतो. मी त्याला आठवडाभर फुकट चहा पाजला आणि म्हटलं, “जमादारसाहेब, डोहाला धोका नाही एवढं फक्त प्रवाशांना सांगत चला.”

इमानदार माणूस. त्यानं प्रत्येक मोटार अडवली, दंडा आपटला आणि दरडावून सांगितलं, “डोहपर जानेवाले कौन? बिलकुल डरना नहीं!”

निजामाच्या शिपायानं दंडा आपटून ‘डरना नहीं’ म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? डोहाला निघालेली दोन कुटुंबं नाक्यावरूनच माघारी फिरली!

*

शेवटी मास्तरांनी सोलापूरकरांना पत्रं लिहिली. पूर्वी येऊन गेलेल्या वकिलांची नावं मला पाठ होती. मास्तर म्हणाले, “आपण खरं लिहायचं. लोक खऱ्याला भुलतात.” आणि त्यांनी इतकं खरं लिहिलं, की वाचता वाचता मलाच आमची दया यायला लागली. वाहून गेलेल्या चुली, मोडलेला टांगा, उघड्यावर पडलेलं हॉटेल. शेवटी एक ओळ होती, ‘तरी आपण सहकुटुंब अवश्य यावे.’ तिथपर्यंत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत काही दिसत नसणार!

पंधरा दिवसांनी ड्रायव्हरनं फाट्यावर मोटार थांबवली.

“उतारू न्हायीत,” तो म्हणाला, “पर सामान लई आलंय.”

एक मोठी ट्रंक होती. आत जुने कोट, सदरे, लुगडी, लहान मुलांची झबली. सोलापूरकरांनी पूरग्रस्तांना मदत पाठवली होती! आम्हाला लाज वाटली, पण दिवस थंडीचे होते. मला एक काळा कोट अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. चाचांनी एक लाल मफलर घेतला. मास्तरांनी तत्त्व म्हणून काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंद गळ्याचा कोट घेतला.

आणि त्याच आठवड्यात एक वकीलसाहेब एकटेच, परिस्थिती बघायला म्हणून आले. आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी पुढं होऊन नमस्कार केला आणि छाती काढून म्हटलं, “साहेब, लोक काहीही म्हणोत, पुरानं आमचं काडीचंसुद्धा बिघडलं नाही. आम्ही पूर्वीपेक्षा थाटात आहोत!”

वकीलसाहेबांनी मला खालून वर निरखून बघितलं.

“दिसतंय,” ते म्हणाले. “डाव्या खिशाचं अस्तर फाटलेलं आहे, तेवढं शिवून घ्या.”

*

संक्रांत आठ दिवसांवर आली. ड्रायव्हरनं शेवटचा निरोप आणला. येत्या रविवारी मालकांचे मॅनेजर स्वतः मोटारीतून येणार, फाट्यावर कोण उतरतं ते बघणार आणि तिथंच निकाल देणार.

मास्तर म्हणाले, “आपण मॅनेजरना खरी परिस्थिती...”

“खरं ऱ्हाऊ द्या मास्तर!” भागाबाई कडाडली. “उतारूच पायजेत न्हवं? गावात हैत की मानसं!”

रविवारी पहाटे गावातली पंधरा-सोळा माणसं ठेवणीतले कपडे घालून सोलापूरच्या दिशेनं दोन कोस चालत गेली आणि मागच्या थांब्यावर मोटारीत चढली. फाट्यावर मोटार थांबली आणि सगळी धडाधड उतरली! मॅनेजर ड्रायव्हरशेजारी चष्मा पुसत बसले होते. ते बघतच राहिले.

मी स्वागताला उभा होतो. पहिली उतरली ती माझी बायको. मी हात जोडून विचारलं, “या बाईसाहेब, प्रवासात काही त्रास तर झाला नाही?” लग्नाला बारा वर्षं झाली होती. इतक्या अदबीनं मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होतो.

ती म्हणाली, “न्हाय. पर आज चहात जरा दूध घाला.”

सगळं छान जमलं होतं. एवढ्यात मॅनेजर खाली उतरले. “एवढे लोक येतात तर मीही बघतो,” म्हणाले आणि चाक दुरुस्त होऊन नुकत्याच सुरू झालेल्या टांग्यात जाऊन बसले! मोटार पुढं नळदुर्गाकडे गेली, ती दुपारनंतर परत येणार होती. म्हणजे तोवर आम्हा सगळ्यांना आपल्याच गावात पाहुणे होऊन राहणं भाग होतं.

सुरुवातीला घटकाभर सगळे अवघडून बसले. मग कुणीतरी पाय पाण्यात सोडले. कुणी कातळावर आडवं झालं. माझी बायको दुसरीच्या वेणीत फुलं माळत बसली. भागाबाईनं पिठलं वाढलं आणि गावातल्याच लोकांनी तिच्या तोंडावर तिचं कौतुक केलं. ती लाजली. मला वाटलं, मॅनेजर नसते तरी हे चाललं असतं.

उन्हं कलली. मॅनेजरांसाठी ड्रायव्हरनं मोटार थेट डोहापर्यंत आणली. पेट्रोल मिळत नसल्यामुळे तेव्हा मोटार कोळशावर चालायची. भट्टी विझली की पुन्हा पेटायला तास मोडायचा, म्हणून इंजन तसंच धडधडत ठेवलेलं.

मॅनेजर उठले. “चला मंडळी, बसा. सोलापूर!”

पाहुण्यांना परतही जावं लागतं, हे कमिटीच्या डोक्यातच आलं नव्हतं! माझ्या बायकोनं माझ्याकडे बघितलं, तिची म्हैस पिळायची राहिली होती. पण ती मुकाट्यानं मोटारीत चढली. तिच्यामागे एकेक करत सगळे चढले.

एकटी गोदाआजी उठली नाही. ही भागाबाईची सासू. कातळावर बसून तिनं पाय पाण्यात सोडले होते.

मॅनेजर तिच्याजवळ गेले. “आजी, चला. मोटार सुटते आहे.”

“म्या न्हाय येत,” गोदाआजी म्हणाली. “साठ वरसं झाली ह्या नदीला येतीया. कवा घागर घिऊन, कवा धुनं घिऊन. आज पयल्यांदा मोकळ्या हातानं आले. बसू द्या जरा.”

भागाबाईनं पदर तोंडावर घेतला. मास्तर आभाळाकडे बघू लागले. मोटारीतली सगळी तोंडं खिडक्यांतून बाहेर बघत होती, आणि मॅनेजरांनी त्यातल्या एकेकाकडे नीट बघून घेतलं. शेवटी माझ्याकडे.

मग ते ड्रायव्हरला म्हणाले, “इंजन बंद करा.”

“साब, पुन्ना पेटाया घंटाभर जाईल!”

“जाऊ दे. इथं आपला थांबा आहे ना?”

ते कातळावर खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. गोदाआजीनं तिकडं न बघताच थोडं सरकून जागा दिली.

“बसा,” ती म्हणाली. “तुमी बी मोकळ्या हातानंच आलाव जनू.”