हळदीच्या आड

माझी मुलगी बहारीनमध्ये जन्मली, नव्वदच्या दशकात. दुसऱ्याच दिवशी आम्हाला हमद टाउनच्या घरी सोडलं. सासूबाई खास बाळंतपणासाठी चिपळूणहून आल्या होत्या, सोबत घरची हळद, वेखंड, बाळंतशेपा असं अर्धं दुकान. विमानतळावर कस्टमवाल्यांनी एकेक पुडी हुंगून पाहिली म्हणे.

रोज सकाळी त्या बाळाला हळद, दूध आणि डाळीचं पीठ चोळून न्हाऊ घालत, शेक-शेगडी करत. मग पडदे ओढून आम्ही तिघी अंधाऱ्या खोलीत. वारा लागू नये, उजेड लागू नये.

चौथ्या दिवशी आरोग्य केंद्रातली नर्स आली. नव्या बाळांना तपासायला त्या घरोघर फिरत. दहा दिवस बाहेरच्यांनी बाळाला शिवायचं नाही, असं सांगून सासूबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. मी आत पडून सगळं ऐकत होते. मी चांगली बी.एस्सी. झालेली बाई, पण कोण वाद घालत बसणार म्हणून गप्प राहिले. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

बाळाचा रंग दिवसेंदिवस केतकी होत होता. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात असा रंग कुणाचा नाही. मीही फुशारले. ती दूध ओढायची नाही, नुसती झोपायची. तर आम्ही म्हणायचो, किती गुणी बाळ आहे, जरा त्रास म्हणून नाही.

सहाव्या दिवशी नर्स पुन्हा आली. अबायाच्या काळ्या झग्याखाली पांढरा गणवेश, हातात वजनकाटा. या वेळी तिने परवानगी विचारली नाही. थेट आत येऊन पडदा सरकवला, ओल्या फडक्याने बाळाचं कपाळ पुसलं, बोटाने नाक दाबून पाहिलं. सासूबाई हळदीचं सांगायला लागल्या तशी तिने बाळाची पापणी उघडून मला दाखवली.

"अम्मा, आँख में भी हल्दी लगाया?" तिने मोडक्या हिंदीत विचारलं.

डोळ्यातलं पांढरं पिवळंधमक होतं. कावीळ! आणि आम्ही रोज तिच्यावर हळद थापत होतो.

नर्सने आपल्याच गाडीतून आम्हाला इस्पितळात नेलं. तिथे बाळाचं रक्त बदललं. पिवळी कधीपासून दिसते आहे, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी हळदीचं आणि ओढलेल्या पडद्यांचं सांगितलं. जीव वाचला, ते म्हणाले, पण मेंदूला, कानांना किती इजा झाली ते पुढे कळेल. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी नजर मिळवेनाशा झाल्या. मी तरी कुठे मिळवत होते?

सहा महिन्यांनी आरोग्य केंद्रात त्याच नर्सने मुलीला माझ्या मांडीवर बसवलं आणि मागे जाऊन घंटा वाजवली. मी दचकले. सासूबाई दचकल्या. नर्सने घंटा कानाजवळ आणून पुन्हा जोरात वाजवली. मुलगी माझ्या बांगड्यांशी खेळत होती.