गजावरची खूण

नेमबाजी क्लबच्या मागच्या खोलीत जुन्या बंदुका सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे चिंधीमामा म्हणत, कारण त्यांच्या एप्रनचा खिसा जुन्या चादरीच्या चौकोनी चिंध्यांनी कायम फुगलेला असे. तिथल्या ठासणीच्या बंदुकीला त्यांची बायको हयात असेपर्यंत सवत म्हणायची. तिच्या आंघोळीला पाणी तापवता, माझ्यासाठी कधी तापवलंत का, हा तिचा ठरलेला टोमणा.

काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि नळी गंजते. म्हणून बंदूक उडवली की त्याच दिवशी मामा नळीत गरम पाणी ओतत, गजाला चिंधी गुंडाळून ती पांढरी निघेपर्यंत फिरवत, मग तेलाचा हात देत. पण त्याआधी नुसता गज नळीत सोडायचा. त्यावरची खूण नळीच्या तोंडाशी टेकली तर नळी रिकामी; वर राहिली तर आत बार आहे. बत्तीस वर्षांत मामांनी हे एकदाही चुकवलं नव्हतं.

मंगळवारी क्लबात नव्याने आलेली एक मुलगी बंदूक बघायला आली. बंदुकीला रविवारची चिठ्ठी होती, मामांच्याच अक्षरात: साफ केली. मुलगी नळीत डोकावायला वाकली.

"अगं, आधी गज," मामा म्हणाले.

गज आत गेला. एरवी तळाशी टण्ण वाजायचा, आज थप्प झाला. खूण चार बोटं वर राहिली.

मुलीला त्यातलं काहीच कळलं नाही. मामांनी नळीत पाणी ओतून दारू भिजवली आणि खिशात हात घातला. रविवारी सफाईसाठी मोजून घेतलेल्या बाराच्या बारा चिंध्या तशाच होत्या, घडीसुद्धा मोडली नव्हती.

ते तडक सेक्रेटरींकडे गेले आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. सेक्रेटरींनी समजूत घातली, वय झालं की होतं असं, कोणाला इजा तर झाली नाही ना.

"चूक झाली त्याचं नाही हो," मामा म्हणाले. "साफ केल्याचं मला लख्ख आठवतंय."

किल्ली आता त्या मुलीकडे आहे. मामा अजून येतात, पण नळीला हात लावत नाहीत. खिडकीशी बसून चिंध्या फाडतात. परवा ती मुलगी बंदूक धुवायला घेत होती.

"गज टाकलास का?" मामांनी विचारलं.

दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारत होते. तिने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"टाकते हं, मामा," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा गज नळीत सोडला. टण्ण वाजेपर्यंत मामा कान देऊन बसले होते.