आईच्या बोटांतल्या मुंग्या

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

इकडे हिंदी मुलखात, उरल्याच्या लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये मी माल तपासतो. समोरच्यावर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. केमो होऊनही आईच्या लिम्फोमाच्या गाठी परत आल्या, तेव्हा डॉक्टरांनी नवं औषध सुचवलं — गाठीची पेशी ओळखून विष थेट तिच्यातच नेऊन सोडणारं. इतकं सरळ असतं होय? थोडं नसांनाही लागतं, ते म्हणाले. हातापायांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, डोस कमी करू, मध्ये थांबू.

थांबू! मला तेवढंच ऐकू आलं. म्हणजे हे हात वर करणार, असं मी धरूनच चाललो.

आईला आम्ही कॅन्सर सांगितला नव्हता. 'गाठीचं दुखणं' एवढंच. म्हणून दर वेळी डॉक्टरांकडे आधी मी एकटा जायचो आणि ती बाहेर बाकावर बसायची. तिची तक्रार माझ्याच तोंडून आत जायची.

चौथ्या डोसच्या आदल्या दिवशी ती देवासाठी वाती वळत होती. मध्येच थांबली.

"काहून रे, बोटात कापूस हाय का नाही, समजूनच नाही राहिलं मले. मुंग्या येऊन राहिल्या."

मी काय केलं? आधी तिच्यावरच संशय घेतला — सुई टाळायला बहाणे करते. मग डॉक्टरांवर — हे निमित्तच शोधत असणार.

"झुनझुनी?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मुंग्यांबद्दल विचारलं.

"नहीं सर, बिल्कुल नहीं."

पुढच्या प्रत्येक वेळी मी हेच खोटं बोललो.

गाठी गेल्या. बोटं मात्र बधिरच राहिली. तिच्या ब्लाउजचे हूक आता बायको लावून देते.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी आईला आत बोलावलं. सही करताना तिच्या हातातून पेन दोनदा पडलं. ते चमकले. डोस कमी करूनही भागलं असतं, म्हणाले. "अम्मा, पहले क्यों नहीं बताया?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"मेरे ही ध्यान में नहीं आया, सर."

आणि मी? मी खाली वाकून पेन उचललं.

घरी आल्यावर तिने वातींचा डबा माझ्यापुढे सरकवला. तेव्हापासून वाती मी वळतो. ती समोर बसून माझी बोटं बघत असते.