तुळईचं दुसरं टोक
भिंतीपलीकडून जळक्या ऑइलचा वास आला की हे घर पाहायला आलो तो दिवस आठवतो. कळस गावातलं हे जुनं घर सौद्याआधी नीट तपासावं म्हणून मी बारामतीचा एक इंजिनिअर सोबत आणला होता. घरमालक तात्या वालचंदनगरला मुलाकडं राहायला निघाले होते. इंजिनिअरनं भिंती ठोकल्या, कोपऱ्यांतली ओल पाहिली आणि मग वर बोट केलं. सागवानी तुळई भिंतीतून आरपार शेजारच्या घरात गेली होती. वाटणीत तात्या आणि त्यांच्या धाकट्या भावानं मधलं दार विटांनी बुजवलं, तुळई मात्र एकच राहिली. 'दुसरं टोक पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही,' इंजिनिअर म्हणाला. भावांचं बोलणं कधीचंच बंद होतं. 'तितं मी यायचो न्हाय,' म्हणत तात्या ओट्यावर जाऊन बसले, तेव्हा आम्ही दोघंच पलीकडं गेलो. तिथं तुळईचं टोक वाळवीनं पोखरलं होतं आणि त्याखाली एक जाडजूड टेकू उभा होता, वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल चोपडलेला. 'हा आहे तोवर तात्यांकडचं छत आहे,' इंजिनिअर मला म्हणाला. धाकटे भाऊ टेकूवर हात ठेवून हळूच बोलले, 'दादाच्या डोक्यावर पडाय नगं म्हून लावलाय. त्येला सांगू नका.' परत आलो तर तात्या ऐटीत म्हणाले, 'बघितलं न्हवं आमचं लाकूड? कधी टेकू लागला न्हाय.' मी 'व्हय' म्हणालो आणि घर घेतलं. तात्या केव्हाच मुलाकडं गेले, तुळईखाली आता मी झोपतो. पलीकडं ऑइल लावायचं मात्र अजून थांबलेलं नाही.